मिश्रीची वेळ

परसातल्या पायरीवर धोंडाबाई तोंडात बोट घालून बसलेल्या दिसल्या आणि हुमा तिथंच थबकली. लातूरहून चाकूरपर्यंत ती एसटीत उभ्यानं आली होती. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणायची.

हुमा व्यसन सोडवणारी कोच. कोच म्हटलं की लोकांना कबड्डीचा मास्तर आठवतो, म्हणून इथं सगळे तिला मॅडमच म्हणत. डॉक्टरांनी धोंडाबाईंच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवून हिरड्यांना लावायची तंबाखूची मिश्री बंद करायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मुलानं, शिवमनं, तिला गाठलं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला तिची खेप होती.

"मावशी, पुन्हा?" ती शेजारी टेकली. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

धोंडाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग बोट बाहेर काढून हुमाच्या नाकाखाली धरलं. बोट स्वच्छ होतं. तंबाखूचा वाससुद्धा नव्हता.

"नुसतंच घालून बसते," त्या हळूच म्हणाल्या. "मिश्री सुटली, बाई. पण तिच्यासंगं बसणंबी सुटलं. लगीन होऊन आले तवापासून मिश्री लावताना मला कुणी उठीवलं न्हाई. सोडली, तसं जो तो हाका मारतोय. हे दे, ते आण, नुसतीच बसली काय? बाई रिकामी बसलेली घराला खपत न्हाई."

व्यसनानं तुम्हाला काय मिळतं, हा हुमाचा पहिला प्रश्न असे. दारुड्यांना, गुटखेवाल्यांना, सगळ्यांना ती तो विचारायची. धोंडाबाईंना मात्र तिनं विचारलंच नव्हतं. बायकांची मिश्री, तिच्यात काय विचारायचं! तिला स्वतःची लाज वाटली.

आतून धोंडाबाईंच्या नवऱ्याची, श्रीमंतरावांची हाक आली. "अगं, चष्मा कुठं ठिवला माझा?"

धोंडाबाईंचं बोट झटकन तोंडात गेलं. उत्तर आलं नाही, तसे श्रीमंतराव आपणच पुटपुटले, "मिश्री लावतीया वाटतं. असू दे." आणि चष्मा शोधायला लागले.

तेवढ्यात सून आरती खरकट्या भांड्यांचं घमेलं घेऊन बाहेर आली. ते तिनं नळाशी आदळलं. "मॅडम, सुटली का आत्याबाईंची? हे रोज विचारतेत."

हुमानं धोंडाबाईंकडे पाहिलं. त्या तोंडात बोट घालून जमिनीकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर धोंडाबाईंचं पायरीवरचं बसणं जाणार. खोटं सांगितलं तर शिवम म्हणणार, या मॅडमच्या हाताला गुण नाही, आणि काम जाणार. हुमाला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"नाही," ती म्हणाली. "वेळ लागेल अजून. लावत असल्या की त्यांना उठवू मात्र नका."

आरती भांड्यांकडे वळली नाही. हात कमरेवर ठेवून ती सासूच्या पायरीकडे बघत राहिली.

"मॅडम," तिनं विचारलं, "म्या लावली तर मलाबी कुणी उठवणार न्हाई ना?"

ती चेष्टा करत नव्हती. आपल्याच खोट्यानं तिला ही वाट दाखवली, हे हुमाच्या ध्यानात आलं.

धोंडाबाईंनी बोट बाहेर काढलं आणि सुनेपुढं धरलं.

"डबी म्या कवाच उकिरड्यात टाकली. हे बघ, कोरडंच हाय." त्या पायरीवर कडेला सरकल्या. "ये. तूबी नुसतं बोट घाल, अन् बस."