मंगळवारचा उपास

“घरी गेल्यावरबी असंच बसायचं ना?” यशोदेनं विचारलं.

सोपाननं पुरीचा तुकडा मोडला. “आधी खा तर. गार व्हतंय.”

“मी काय इचारलं?”

“बघू की.”

चिंचवडच्या स्टेशनाबाहेरचं लक्ष्मणरावांचं हाटेल. मुंबईच्या पॅसेंजरनं दोघं सकाळीच उतरली होती. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि स्टोव्ह पायाशी होता. पिंपरीच्या नव्या कारखान्यात सोपानचं नाव लागलं होतं. मुंबईची खोली सुटली ती सुटलीच. आता राहायचं महाळुंग्याच्या घरी, आणि तिथून सोपानचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन यायचा होता. तोवर म्हणून पुरी-भाजी मागवली. दोन ताटं, समोरासमोर.

ही सवय मुंबईची. पगाराच्या रविवारी सोपान तिला खानावळीत न्यायचा. पहिल्या खेपेला ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि घास नरड्याखाली उतरेना. मग हळूहळू तोंड फिरलं. पुढं खोलीतही दोघं समोरासमोर बसू लागली. भाजीत मीठ कमी पडलं तर दोघांना एकदमच कळायचं. महाळुंग्याला तसं नव्हतं. तिथं आधी पुरुषांची पंगत उठायची, मग बायका बसायच्या, आपापल्या नवऱ्याच्या ताटात उरलंसुरलं असेल त्यावरच वाढून घ्यायच्या. जुनी रीत. त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं. पण मुंबई सोडायला यशोदा राजी होती, हे समोरासमोर बसणं सोडायला नव्हती.

“रामकृष्णहरी, लक्ष्मणराव!”

दाराशी चाबूक टेकवून भिमाजी आत आला. गळ्यात तुळशीची माळ, मुंडाशावर वाटेची धूळ. थोरल्या दिरापुढं तोंड उघडं ठेवायचं नसतं, म्हणून यशोदेनं पदर नाकापर्यंत ओढला. तेवढ्यात सोपाननं तिचं ताट सरकवून आपल्या ताटाला लावलंसुद्धा. तिच्या बोटांना भाजी तशीच होती. तिनं हात पदराखाली घेतला.

भिमाजीनं दोन्ही ताटं पाहिली. “लई भूक लागली म्हनायची, सोपाना.”

“रातीपासनं पोटात काय न्हाई, दादा.”

“आन् धाकलीनं काय खाल्लं?”

सोपान अडखळला. “तिचा... मंगळवार असतोय. मोरयाचा उपास.”

भिमाजीचं तोंड फुललं. त्यानं देवळाच्या दिशेला हात जोडले. “आपल्या घरात मंगळवार कुनी धरला नव्हता रं. आईला सांगतो, लई बरं वाटंल तिला. आन् आता हितवर आलोच हाय, तर मोरयाच्या पायावर डोकं ठिवूनच गाडी काढू.”

सोपान मान खाली घालून बसला. पुढची पुरी कुठल्या ताटातली घ्यावी, हे त्याला सुचेना.

यशोदेला भूक होती. ती सोसता आली असती. जन्मभराचे मंगळवारही सोसता आले असते, बाई काय सोसत नाही? पण हे खोटं देवाच्या गळ्यात बांधलं होतं, आणि आता घटकाभरात त्याच देवापुढं हात जोडायचे होते.

“अवं,” पदराआडून ती म्हणाली, “माझं ताट इकडं द्या.”

सोपान हलला नाही.

“भावजींना सांगा, मला उपास न्हाई. मोरयापुढं खोटं घिऊन मी जायाची न्हाई.”

“अगं, गप...”

“आन् त्यांना इचारा. ते तर कीर्तनात टाळ धरत्यात. काल्याला देव गोपाळांच्या संगं बसून खातो, का आपलं झाल्यावर उरलेलं त्यांच्याकडं सारतो?”

लक्ष्मणरावांचा झारा कढईतल्या पुरीवर थांबला.

भिमाजी दाराजवळच्या बाकड्यावर जाऊन त्यांच्याकडं पाठ करून बसला. त्यानं चहा मागवला. मग रस्त्याकडं बघतच म्हणाला, “हितलं हितं झालं, सोपाना. घरी आईपुढं कसं करायचं, तेवढं इचार तिला.”

“आईंनाबी संगंच बसवायचं,” यशोदा म्हणाली.

भिमाजीची मान जराशी हलली. ती होकाराची की नुसतीच, ते मागून दिसलं नाही.

सोपाननं ताट तिच्याकडं सरकवलं. पुऱ्या गार झाल्या होत्या. तिनं त्या पदराआड सावकाश खाल्ल्या.

बशीतला चहा संपवून भिमाजी उठला. “लक्ष्मणराव, एक पुरी-भाजी बांधून द्या.”

“म्हातारीसाठी?”

“आई हाटेलातलं खाती व्हय!”

“मग कुणासाठी म्हणता?”

भिमाजीनं बाहेर बैलांकडं पाहिलं. मुंडासं उगाच सारखं केलं.

“मंजुळेसाठी.”

सोपानचा घास हातातच राहिला. थोरल्या वहिनींचं नाव त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून आजवर घरात कुणी ऐकलं नव्हतं.

भिमाजीची आणि लक्ष्मणरावांची ओळख कैक वर्षांची. पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं,

“ही मंजुळा कोण हो?”