आधी आला तो

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी कत्तलखान्याचा ट्रक डुकरांच्या पैदास केंद्राच्या फाटकाबाहेर पडला. थोड्या वेळाने प्रयोगशाळेतल्या पडद्यावर निकाल उमटला. तो वाचून केंद्राची पैदासतज्ज्ञ खुर्चीतून उठली, ती पुन्हा बसली नाही.

निकाल चौदा नंबरच्या नराचा होता. कमी खाणारा, झपाट्याने वाढणारा, पायाने भक्कम असा नर मिळावा म्हणून तिने कित्येक वर्षं पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या होत्या. चौदा हे त्या निवडीचं फळ. आज दुपारी तो कृत्रिम रेतन केंद्रात जाणार होता आणि तिथून त्याची पैदास गावोगाव पसरणार होती. पाठवण्याआधी कानाचा तुकडा पुन्हा तपासायचा, असा नियम. नियम म्हणून तपासला, तर त्यात थरथरीचा दोष निघाला.

जन्माच्या वेळच्या तपासणीत चौदा निर्दोष होता. दोष होता त्याच्या सख्ख्या भावात, अकरा नंबरमध्ये. असा नर स्वतः ठणठणीत असतो. पण त्याचा वंश वाढत गेला की पुढे कधीतरी जन्मतःच थरथरणारी, आईचं दूधही ओढता न येणारी पिल्लं निपजतात. म्हणून तर अकराला आज ट्रकमध्ये चढवलं होतं.

तिने नमुन्याच्या कुपीवरचा नंबर पाहिला. यंत्र तपासलं. चूक प्रयोगशाळेत असावी अशी तिची फार इच्छा होती. ती नव्हती.

शेडवर तिचा थोरला भाऊ होता. ही नोकरी त्याला तिनेच शब्द टाकून मिळवून दिली होती. तो पाइप घेऊन फरशी धूत होता.

"दादा, मागच्या आठवड्यात अकरा आणि चौदा भांडले, तेव्हा कानातले बिल्ले निघाले होते?"

"निघाले म्हणजे! एकमेकांचे कान फाडले गाढवांनी." डुकरांना तो लाडाने गाढवच म्हणायचा. "मीच परत बसवले."

"कुठला कोणाचा, हे कसं ओळखलंस?"

"चौदाला बाटलीने दूध पाजलंय मी. हाक मारली की धावत येतो."

"मग हाक मारलीस?"

"मारली."

"आणि?"

दादाने पाइप खाली टाकला. पाणी त्याच्या बुटांवरून वाहत राहिलं.

"दोघंही आले."

तिने खिशातून फोन काढला.

"आधी आला त्याला चौदाचा लावला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू साहेबांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"तेच म्हणतोय मी."

म्हणजे खरा चौदा ट्रकमध्ये होता. तिने ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावला. दोनदा नुसतीच घंटा वाजली. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"मॅडम, कत्तलखान्याच्या रांगेत लागलोय. लवकर बोला."

"एकही जनावर उतरवू देऊ नका. अकरा नंबरचा नर परत आणायचाय. कान फाटलाय त्याचा."

"इथे निम्म्यांचे कान फाटलेत, मॅडम. बिल्ले शेणाने माखलेत, नंबर कुठला दिसतोय! आणि ही इथली माणसं माझं कशाला ऐकतायत? त्यांनी उतरवायला फळी लावलीसुद्धा."

दादाने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "अहो, फोन मोठ्या आवाजावर ठेवा आणि मागच्या जाळीला लावा. लावा तर!"

मग तो फोनमध्ये तोंड घालून हाका मारू लागला. "ये रे गाढवा! ये, ये, ये!" त्याचा आवाज पत्र्यावर घुमला. शेडच्या टोकाच्या कप्प्यात खडबड झाली. चौदाचा बिल्ला मिरवणारा नर धावत आला आणि लोखंडी गजांतून नाक बाहेर काढून दादाच्या पाठीला ढुशा देऊ लागला. दादाने वळून पाहिलं नाही. तो हाका मारतच राहिला.

पलीकडून नुसता कल्ला ऐकू येत होता. मग फोन कट झाला.

"माझी नोकरी जाईल," दादा म्हणाला.

"जाईल." फोन परत घेऊन ती साहेबांचा नंबर शोधू लागली. "याला दुपारी पाठवायचं नाही. कुठेच नाही."

साहेबांचा फोन लागण्याआधी ड्रायव्हरचा आला. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्रक रिकामा झाला, एक सोडून, असं तो म्हणाला. तो एक काही केल्या उतरत नाही. फोन धरला होता, त्या जाळीला नाक लावून उभा आहे. कान फाटलेला आहे.

कानात बिल्ला नाही.