शेवटची वडी

"पण तू त्याला नाही म्हणालीस ना?" वेन्डेलनं विचारलं.

"म्हणाले की," आर्डिस म्हणाली. "म्हणजे, 'ऐकायला बरं वाटतंय, बघू या' असं म्हणाले."

वेन्डेलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. नॉर्डबी गावात 'बघू या' म्हटलं की शहाण्या माणसानं समजून फोन ठेवावा. पण फोनवरचा तो विमावाला गावचा नव्हता. त्यानं नाव, जन्मतारीख, विम्याच्या कार्डाचा नंबर विचारला आणि आर्डिसनं भिडेखातर सगळं सांगितलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. आता नव्या योजनेचं स्वागतपत्र टेबलावर पडलं होतं. एक जानेवारीपासून चष्मा फुकट, दात फुकट, व्यायामशाळासुद्धा फुकट.

"व्यायामशाळा कुठाय रे जवळ?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"ऐंशी मैलांवर," वेन्डेल म्हणाला. "जाऊन येण्यातच व्यायाम होईल."

चर्चच्या तळघरात हशा पिकला. सात डिसेंबर, पुढच्या वर्षी मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा, जुनीच ठेवायची की खासगी कंपनीची योजना घ्यायची हे ठरवायचा शेवटचा दिवस, म्हणून सकाळपासून गावातले सगळे निवृत्त लोक तिथे कॉफी पीत बसले होते. शाळेत जन्मभर गणित शिकवलेला वेन्डेल दर हिवाळ्यात तिथे लॅपटॉप मांडून बसतो आणि एकेकाला त्या योजनांच्या जंगलातून वाट काढून देतो. बदल्यात तो फक्त खजुराच्या वड्या खातो. ताटात आता एकच वडी उरली होती. तासभर जो येई तो तिची अर्धी कापून घेई आणि अर्धी ठेवून जाई. शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे या गावात हावरटपणाची हद्द. त्यामुळे वडी टपालाच्या तिकिटाएवढी झाली होती, पण संपत नव्हती.

आर्डिस हसली नाही. तिनं योजनेतल्या डॉक्टरांची यादी पुन्हा वाचली. त्यात डॉक्टर फाम नव्हत्या. दर सहा आठवड्यांनी त्या शहरातून गावच्या दवाखान्यात येतात आणि आर्डिसच्या डोळ्यांत इंजेक्शन देतात. यादीतला सर्वात जवळचा डोळ्यांचा डॉक्टर दीडशे मैलांवर होता. जानेवारीच्या बर्फात तिथे जाणार कोण? आणि इंजेक्शनं चुकली, तर उन्हाळ्यापर्यंत समोरच्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला स्पष्टच सांगितलं होतं.

"अजून रद्द करता येईल," वेन्डेल म्हणाला. "मी फोन लावून देतो. पण बोलायचं तुलाच आहे. तुझ्या वतीनं माझं बोलणं ते ऐकून घेणार नाहीत."

"तूच सांग ना रे. तुला कसं नीट सांगता येतं."

"आर्डिस, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस. एक वाक्य बोलता येईना होय तुला?"

पाऊण तास फोनवर बाजा वाजत राहिला. मग मेडिकेअरची बाई आली. आवाज थकलेला, पण प्रेमळ होता. तिनं नाव-गाव पडताळून विचारलं, "ही नवी नोंदणी तुम्हाला रद्द करायचीय का, मॅडम?"

"तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर..."

"मला कसला त्रास? हो की नाही, तेवढं सांगा."

"तसा तो मुलगा फार गोड बोलत होता हो. त्याच्या नोकरीवर काही..."

वेन्डेलनं कपाळावर हात मारला.

"मॅडम, मला तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकावं लागतं. हो किंवा नाही."

कपबशा वाजायच्या थांबल्या. 'मला हे हवं' असं चारचौघांत उघड म्हणणं किती जिवावर येतं, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आर्डिसनं वेन्डेलकडे पाहिलं. त्याच्या मिशीत वडीचा एक कण अडकला होता. तो तिला दिसत होता, अगदी स्वच्छ.

"हो!" ती म्हणाली. बसच्या मागच्या बाकावर मारामारी जुंपली की लावायची, तो आवाज लागला. "रद्द करा. मला ती योजना नको. मला माझी जुनीच मेडिकेअर हवी, आणि मला माझी डॉक्टर हवी!"

"झालं, मॅडम," बाई म्हणाली. तिच्या आवाजात आता हसू होतं. "तुमची जुनी मेडिकेअर होती तशीच राहील."

फोन बंद झाला. आर्डिसनं दोन्ही हात वेन्डेलच्या हातावर ठेवले.

"तुझे फार उपकार झाले रे माझ्यावर."

वेन्डेल कानापर्यंत लाल झाला. "अगं, त्यात काय एवढं!"

"खूप आहे त्यात. दर वर्षी इथे बसतोस आमच्यासाठी, आणि आम्ही नुसते 'वाईट नाही' म्हणून घरी जातो. मी आज सांगतेय. फार उपकार झाले. आणि मिशी पूस."

लोक पुन्हा हसले. या वेळी आर्डिसही हसली, डोळे पुसत पुसत. तेवढ्यात कॉफी वाढणारी लव्हॉन ताट घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "घे गं आर्डिस, शेवटचीच आहे."

"हो, दे," आर्डिस म्हणाली, आणि तिनं ती वडी उचलून सबंध तोंडात टाकली.

लव्हॉनच्या दुसऱ्या हातातली सुरी तशीच राहिली.