मऊ नाही, दाट नाही

"हा नाही, चाचा," हर्षा म्हणाली.

बद्रुद्दीनचाचांनी पेटीचा भाता सोडला. अचलपूरच्या या दुकानात हार्मोनियम दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. या एका पेटीसाठी ही मुलगी अमरावतीहून एसटीने तिसऱ्यांदा आली होती.

"सूर बराबर हाये का नाही?"

"बरोबर आहे."

"मंग?"

"आवाज बाबांच्या पेटीचा नाही."

"पेटी तीच हाये, बेटा. मी काय बदलून देल्ली?"

परवा बाबांचं वर्षश्राद्ध. ती स्वतः वाजवणार होती, आणि आवाज तिला त्यांचाच हवा होता. पहिल्या खेपेला ती 'मऊ' म्हणाली, तर चाचांनी आतलं कातडं बदललं. नंतर 'दाट' म्हणाली, तर खालच्या सुरांचा खरज वाढवून ठेवला.

"आता कसा वाटून राहिला?"

"उघडा."

"उघडा! आता त्याले कपडे शिवू का मी? एवढी पुस्तकं वाचतं म्हणतं, तुले एक शब्द सापडून नाही राहिला?"

ते तिला लागलं. शब्द तिच्यापाशी भरपूर होते. राखी, सावळा, ओलसर. त्यातला एकही पेचकसाच्या उपयोगाचा नव्हता.

"तुमच्याकडे कोणते आहेत?" तिने चिडून विचारलं.

"चढा, उतरा. कडक, नरम. फाटका. बस, एवढ्यात चाळीस वर्षं निघाली."

"यातला कोणताच नाही."

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"बाबा वाजवत तवा तू कुठी बसत होती?"

"स्वयंपाकघरात."

"जवळ काहून नाही?"

"दार लावून वाजवायचे. आत कोणी गेलेलं त्यांना चालत नसे. मलाही नाही."

चाचांनी पेटी पुढे ओढून भात्यावर हात ठेवला.

"बाहेर जाय. दार लावून घे."

ती दुकानाच्या ओट्यावर आली. दार ओढून घेतलं. आत सूर लागला. रस्त्यावरून एक ऑटो खडखडत गेला, आणि त्याच्या मागून तो आवाज आला. तोच. जरासुद्धा फरक नाही.

हर्षाने कडी घट्ट धरली.

"हाच का?" आतून चाचांनी ओरडून विचारलं. "बोल ना! हाच असंन तर ये आत. तू वाजवून पाह्य."

"थांबू नका, चाचा," ती म्हणाली, आणि दार आणखी ओढून धरलं.