शपथेचं पुस्तक

सेराफिना नवऱ्याला मूठमाती देऊन परतली तेव्हा सासूने घरातल्या अल्तारावरच्या, येशूच्या देव्हाऱ्यातल्या, काळ्या जाडजूड बायबलावर तिचा हात ठेवला आणि शपथ घ्यायला लावली: हे घर सोडून कधी जाणार नाही. मुरगावहून दुसऱ्या लग्नाची मागणी आली, तीही तिने परतवली. पुढे गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला, वेगळं राज्यही झालं. ती मात्र पेडण्याच्या त्या घरात अडकलेलीच. एका रविवारी पाद्रीबाब म्हणाले, "बायबलापुढे नुसत्या मेणबत्त्या लावू नका, स्वतः उघडून वाचा." शपथेतून सुटायची वाट सापडेल या आशेने तिने ते उघडलं. आत गाईंची चित्रं होती: खूर, दात, सुजलेली कास. गुरांच्या आजारांचं पोर्तुगीज पुस्तक! "मांय, ह्यावर बांधून घातलंस मला?" तिने पान सासूपुढे धरलं. म्हातारी चित्रातल्या गाईकडे बघतच राहिली. "मलाय माझ्या सासूनं ह्याच्यावरच बांधलं गे. तेव्हा केसांतली लग्नाची अबोली सुकलीसुद्धा नव्हती."