निखळ पांढरी

शेवटच्या ओळीतलं शेवटचं फूलही पिवळट निघालं.

मास्तरांनी ते देठासकट खुडलं, पाकळ्या बाजूला सारून बुडाशी पाहिलं आणि वहीत फुली मारली. यंदाची दोनशे ऐंशी रोपं होती. दोनशे ऐंशी फुल्या झाल्या.

शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर पत्ते कुटत बसले, हे शेवंतीच्या नादी लागले. त्यांना निखळ पांढरी शेवंती हवी होती. बाजारातल्या पांढरीच्या गाभ्यात पिवळी झाक असते. ती घालवायची होती. चौदा वर्षं ते एका फुलाचे पराग कुंचल्याने दुसऱ्याला लावत, वर कागदी पिशवी बांधत, बी धरत, रोपं करत आणि फुलायची वाट बघत. सुरुवातीला झाक दरवर्षी थोडी कमी व्हायची. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र गाडी अडली होती. अडली कसली, मागेच चालली होती.

"माळीबुवा, उद्या सकाळी मागचा वाफा उपटा. मुळंसुद्धा ठेवू नका. पेटवून द्या सगळं."

माळी चपापला. "दरवर्षी चार-दोन रोपं पुढच्यासाठी ठेवतो आपण, मास्तर."

"पुढचं काही नाही आता. संपलं."

बायको दारातच उभी होती. तिला वाईट वाटलं, पण ती कामाचं बोलली. "संपलं ना? मग परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चला. तीन वर्षं 'फुलं होऊ दे, फुलं होऊ दे' ऐकतेय मी. त्या दिवशी पायरी चुकलात. आता हाड मोडायची वाट बघताय का?"

"घे वेळ," मास्तर म्हणाले. इतक्या मुकाट्याने त्यांनी कधीच काही कबूल केलं नव्हतं. तिला उलट काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी धूर खोलीपर्यंत आला. मास्तरांनी खिडकी लावून घेतली आणि कपाट उघडून धोब्यावर राग काढला. "पांढरा शर्ट दिला होता, हा काय आणून ठेवलाय?" बायकोने वाद नको म्हणून दुसरा काढून दिला. तोही त्यांना पसंत पडला नाही.

मग ते बसून राहिले. लेकीची आठवण आली.

कॉलेजात असल्यापासून ती त्यांच्याबरोबर वाफ्यात राबत होती. पिशव्या बांधायचं काम तिचंच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ती फूल घेऊन धावत आली होती.

"बाबा, झालं! हे बघा. कुठेही डाग नाही."

मास्तरांनी फूल उजेडात धरलं. "पिवळट आहे."

"मला नाही दिसत पिवळं."

"तेच तर दुखणं आहे. तुला दिसत नाही. पिशवीची गाठ सैल राहिली असणार तुझी. कुंपणापलीकडच्या पिवळीचे पराग शिरले आत."

"एकेक गाठ मी दोनदा तपासलीय, बाबा."

"मग तुला कंटाळा आलाय. एकदाचं सुटावं म्हणून खोटं बोलतेस माझ्याशी."

ती फूल टेबलावर ठेवून आत गेली. महिन्याभरात तिने दुसऱ्या गावच्या मोठ्या रोपवाटिकेत नोकरी धरली. फोन यायचे ते आईला. मास्तर खोलीत आले की आईचं बोलणं तुटायचं. ते मुद्दाम खोकून येत, म्हणजे तिला फोन ठेवायला अवधी मिळावा.

ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पट्टी काढली. मास्तरांनी डोळा मिचकावला. चादर इतकी स्वच्छ होती, की त्यांनी नर्सला हॉस्पिटलच्या धोब्याचा पत्ता विचारला. ती हसली.

तेवढ्यात बायको आत आली. तिच्या हातात शेवंतीची जुडी होती.

मास्तर उठून बसले. त्यांनी एक फूल ओढून घेतलं, पाकळ्या फाकवल्या, बुडाशी पाहिलं. मग दुसरं. मग तिसरं. गाभ्यापासून टोकापर्यंत पांढरं. चौदा वर्षं डोळे मिटल्यावर जे दिसायचं, नेमकं तेच.

फुलं मांडीवर ठेवून त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं. बायको घाबरली. "अहो, दुखतंय का? नर्सना बोलावू?"

"येऊन गेली ना ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कोण काय? लेक तुझी. तिच्या रोपवाटिकेतली आहेत ना ही? जमवलं तिने. मला चौदा वर्षांत जमलं नाही, तिने दोन वर्षांत करून दाखवलं." त्यांनी फुलं पुन्हा गोळा केली. "मी तिला खोटारडी म्हणालो होतो. फोन लाव तिला. सांग, बाप हरला आणि बापाला त्याचा आनंद झालाय. नाहीतर थांब, मीच बोलतो."

बायको गोंधळली.

"अहो, ती कुठली यायला? ही आपल्या मागच्या वाफ्यातली. परवा माळीबुवांनी पेटवायच्या आधी जुडीभर काढून ठेवली होती मी. म्हटलं, खोलीत तेवढीच शोभा."