दिवाणजींचं थालीपीठ

तुंबलेल्या नळात प्लंबर सोडतो, तसला स्वस्तातला कॅमेरा मी पाइपाला बांधला, खाली वीट लावली आणि घरामागच्या तळ्यात सोडला. वायर खिडकीतून घेऊन मोबाइलला जोडली. तळ्यात अकरा रोहू होते, आता सात उरले. "बगळा नेतोय हो!" शेजारचे गुप्ते रोज हळहळायचे. मला घोर होता तो दिवाणजींचा. सगळ्यांत थोराड हा रोहू माझ्या टाळीसरशी वर येतो आणि हातातून थालीपीठ खातो.

"गुप्तेभावोजींना सांगू का कॅमेऱ्याचं?" हिनं विचारलं.

"नको. बगळा सापडला की दाखवू. त्यांना बरं वाटेल."

दुपारी पडद्यावर हिरवट पाणी दिसलं. मग वरून एक दोरा उतरला. दोऱ्याला गळ, गळाला थालीपीठ, तेही कांद्याची पात घातलेलं. सकाळीच हिनं शेजारी डबा दिला होता. आणि रविवारी त्यांच्याकडे जेवताना 'धरणाचा रोहू' मी दोनदा मागून घेतला होता.

दिवाणजी गळाकडे निघाले. मी टाळ्या वाजवत अनवाणी धावलो. पलीकडच्या काठावर गुप्ते उभे होते.

"बगळा हाकलत होतो!" ते म्हणाले. गळ पाण्यातच होता.

टाळी ऐकून दिवाणजी माझ्याकडे आले. मी हात पाण्यात घातला. घाईत थालीपीठ आणायचं राहिलं होतं. दिवाणजींनी रिकामी बोटं चाचपली आणि शांतपणे गुप्त्यांकडे वळले.